काचपट्टी

तीस वर्षं मी तार्तूच्या भेगा मोजल्या.
नगरपालिकेची नोकरी. जुनी घरं दलदलीत ठोकलेल्या
लाकडी खांबांवर उभी. जमिनीतलं पाणी उतरलं
की खांब कुजतात,
आणि वर तिसऱ्या मजल्यावर
कुणाचं तरी दार लागेनासं होतं.

भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवायची,
दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की,
शेजारी पेन्सिलीनं तारीख.
सहा महिन्यांनी परत जायचं.
काच शाबूत, तर भेग जुनी, निजलेली.
तडकली, तर जागी.

माझी सापडली ती चुकून.
मूतखड्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये,
कुणी न विचारलेल्या कोपऱ्यात,
स्वादुपिंडाच्या शेपटाशी पाण्याचा एक थेंब.
अकरा मिलिमीटर.
डॉक्टर त्रीन वाहेर, माझ्या नातीच्या वयाची,
पेनाचं टोपण पडद्यावर टेकवून विचारते,
दुखतं? कावीळ? वजन उतरलं? साखर नव्यानं वाढली?
नाही. नाही. नाही. नाही.
"मग आपण बघत राहू, हेल्वे."

हे वाक्य माझंच.
किती घरमालकिणींना ऐकवलं मी ते,
आणि निघाले, छत्री विसरून,
मागे त्या आणि त्यांची भिंत.

मग दर खेपेला ते बोगद्यातलं यंत्र:
श्वास घ्या, धरा, सोडा.
बारा. बारा. तेरा.
चौथ्या वर्षी सतरा.
तेव्हा गुंगी देऊन घशातून नळी उतरवली,
जठराच्या आतून, भिंतीला कान लावावा तशी
सोनोग्राफी केली, आणि बारीक सुईनं
थेंबातला थेंब काढला.
त्रीननं सांगितलं, द्रव चिकट निघाला,
दोन बोटांत धरला तर एकतारी पाकासारखी तार.
त्यात साखर मात्र जवळजवळ नाही.
म्हणजे बिघडू शकणारी जात. अजून बिघडलेली नाही.
नलिका रुंद नाही, आत घट्ट गोळा नाही,
पेशींत वाईट काही दिसलं नाही.
"दिसलं नाही, म्हणजे नाहीच, असं मात्र नव्हे,"
ती स्वतःहून म्हणाली.
म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

बाहेर बाकावर एंदेल रोबा भेटतो.
त्याची नलिका पेन्सिलीएवढी फुगली होती.
शेपूट काढलं, सोबत प्लीहाही गेली.
आता दिवसातून चार वेळा इन्शुलिन,
खिशात साखरेचे खडे.
कापलेल्या तुकड्यात, म्हणे, उंबरठ्यावरच उभी होती ती.
"वेळेत काढलं," म्हणतो,
आणि पोटावर हात फिरवतो
गाय विकून बरा भाव आलेल्या माणसासारखा.
मला एक खडा देतो. मी घेते.

यंदा मी एकोणऐंशीची.
त्रीन पेन खाली ठेवते.
"वाढलीच, तर शस्त्रक्रिया करून घ्याल?
तुमची झडप, तुमचा श्वास...
करायचीच नसेल, तर बघायचं कशासाठी,
हेही आपण बोलायला हवं."

नदीकाठचं एक घर आठवलं.
दुरुस्तीला पैसे नाहीत, असा ठराव झाला,
आणि माझ्या वहीतून त्याचं पान गेलं.
पुढच्या ऑक्टोबरात मी तरी गेले, सवयीनं.
लेओंतिनेनं भेगेवर नवऱ्याचा ओव्हरकोट टांगला होता.
कॉफी केली. कोट उचलू दिला नाही.
मला राग आला होता तेव्हा.
काच कशी आहे, एवढंच तर बघायचं होतं.

"पुढच्या वर्षीची तारीख नको," मी म्हणाले.
त्रीननं मान हलवली, लिहिलं काही नाही.
बाहेर बर्फ भुरभुरत होता, बस चुकणार होती.
दारापर्यंत गेले, परत वळले.

"आजचा आकडा?"
"एकोणीस."

बसथांब्यावर हातमोजा दातांनी ओढून काढला,
डायरीच्या समासात लिहिलं,
पेन्सिलीनं,
शेजारी तारीख.