चौथा पाय

मुंब्र्याला गफूरशेठच्या भंगारात
तो उपडा पडला होता, पाय वर करून,
मेलेल्या जनावरासारखा.
बिडाचा टब. पांढरा, आतून पिवळट,
आणि पायांच्या जागी सिंहाचे पंजे.
तीन.

"चौथा?"
"चौथा बंगल्यातच राहिला, बाई.
आता तिथं बत्तीस मजले उभे आहेत."
भाव सांगितला साडेसहा हजार.
लंगड्याचे साडेसहा?
"किलोवर घातला तरी चार होतात."
मी वळले, चालू लागले.
मी पावलं मोजते. अठराव्याला हाक येते.
आली.
चार हजारांवर तुटलं, वर एक पितळी कडी
आणि दोघांना कटिंग.

माझ्या येऊरच्या घरात नवं असं काही नाही.
दार नौपाड्यातल्या शिकवणीच्या वर्गाचं,
त्यावर अजून खडूनं: उद्या भूमितीची चाचणी.
खिडकी दातांच्या दवाखान्याची,
खाली दुधी काच, वर साधी.
कोंबड्या लोखंडी कपाटात झोपतात,
दाराला भोकं पाडून घेतलीत;
अंडी लॉकरमध्ये.
मीही तशी वापरलेलीच.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
लोकांना सांगत आले,
आपण मागितलेला नंबर अस्तित्वात नाही.

चौकीवर गार्डनं टेम्पो थांबवला.
"हे काय?"
"आंघोळीचं."
त्यानं टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि वहीत लिहिलं: भांडे, नग एक.

बारकू दुमाडानं आणखी पाच जण आणले.
करंजाखाली टब बसला,
चौथ्या कोपऱ्याला दोन विटा.
मेच्या एका दुपारी मी खरंच उतरले त्यात,
साडीसकट, गळ्यापर्यंत.
वर पाहिलं तर अकरा माकडं
फांदीवर ओळीनं बसलेली,
तिकीट काढून आल्यासारखी.
पुन्हा नाही उतरले.

मग तो त्यांचाच झाला.
सकाळी बुलबुल, दुपारी मुंगूस,
रानडुक्कर एकदाच, काठावर नाक घासून गेलं.
बारकूची रखमी आली, आत डोकावली
आणि न विचारता एक वाळकी फांदी तिरपी टाकून गेली.
"खारी बुडतात बाय. चढाया काहीतरी नको?"
शिकलेली मी. मला सुचलं नव्हतं.

साडेसातनंतर मी अंगणात जात नाही.
कुत्रा आत, कपाटाला कुलूप, उष्टं काही बाहेर नाही.
तक्रार नाही; घराला वेळा असतात, एवढंच.
त्या रात्री आधी रातकिडे थांबले.
मग जिभेचा आवाज, संथ, लप्, लप्,
कुणी घाई नसलेलं पीत असावं तसा.
दुधी काचेआड एक गढूळ पिवळेपणा,
वरच्या साध्या काचेत
फक्त शेपटीचं टोक, वळलेलं, पांढरं.
त्याच्या मागे, खूप खाली,
ठाणं दिव्यांचा ढीग घालून बसलेलं.
कुत्रा माझ्या पायावर हनुवटी टेकून थरथरत होता.
मीही.

वाघबारशीला रखमीनं टबाला शेंदूर लावला.
"अगं, हा सिंह आहे."
"पंजा बघ की. नाव कशाला बघतेस?"

आणि परवा सकाळी,
विटांपाशी, सांडलेल्या पाण्याच्या चिखलात,
जिथं पाय नाही नेमका तिथं,
एक ठसा. चार बोटं, मागे गादी.
मी उकिडवी बसून दोन्ही पंजे पडताळले.
बिडाच्या पंजाला नखं आहेत, लांब, कोरीव.
ह्याला नाहीत.
नखं आत घेऊन आला होता.

दुपारी गफूरशेठचा फोन:
"बाई, चौथा पाय सापडला!"
राहू दे, म्हटलं. लागला तो.
"लागला? कुठून आणलात?"
काय सांगणार.
फोन ठेवता ठेवता, सवयीनं,
"पण कितीला देताय?"