तिसरा मजला, डावीकडचं दार

बेल बिघडली आहे, दारच वाजवा.
मी हात पुसत येईन
आणि तुम्ही विचाराल तेच, जे सगळे विचारतात:
खिडकी कोणती?

ग्युमरीला आलेले लोक आधी थडगं बघतात, मग घर.
खरं तर उलटं हवं,
पण टॅक्सीवाल्या गारेगिनला स्मशान वाटेत पडतं.

परवा एक डच जोडपं आलं होतं.
बाईंनी डोळे मिटून भिंतीला तळहात लावला.
मी म्हटलं, हो, इथेच बसायचे
ग्रँडमास्टर गुर्गेन शाहबाझ्यान,
गुडघ्यांवर घोंगडी, पुढ्यात पट,
शेजारी निवलेला चहा.
चहा माझ्या पदरचा.
घोंगडीसुद्धा.

ही इमारत त्यांची नव्हेच.
त्यांची पलीकडे होती,
आता जिथे मोटारी धुतात तिथे.
डिसेंबरातल्या त्या सकाळी
ती उंटासारखी खाली बसली,
आधी गुडघे, मग बाकीचं सगळं.
मी पावाच्या रांगेत होते.
ग्रँडमास्टर पाच वर्षं आधीच गेलेले,
अंथरुणात, धुतलेल्या चादरीवर,
डॉक्टर उशाशी.
राहिली होती त्यांच्या नावाची पितळी पाटी.

पाटी दुसऱ्या दिवशी सापडली.
बाबा चौथ्या.

पाटीचा एक कोपरा दुमडला होता,
वाचता वाचता खूण म्हणून पान दुमडावं तसा.
नगरपालिकेने विचारलं, कुठली भिंत उभी आहे?
ही होती.
चार स्क्रू, एक भाषण, बर्फ पडत होतं.
नऊ वर्षं रेल्वेच्या डब्यात काढल्यावर
मला इथे खोल्या मिळाल्या.
किल्ली देताना कारकून म्हणाला,
लोक विचारतील. हो म्हणत जा.

बाबांचं नाव मिसाक.
मोज्यांच्या कारखान्यात यंत्रांच्या सुया बदलायचे.
आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर.
लिफ्ट बंद पडली की दोघं जिन्यातच पट मांडायचे,
मधल्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत.
वीस वर्षं बाबा हरत होते.
एकदाच बरोबरी झाली.
त्या रात्री आमच्याकडे मेंढी शिजली,
खालून ग्रँडमास्टर आले, पोटभर जेवले,
आणि दारात चपला घालताना म्हणाले,
मिसाक, तुझा हत्ती मला दिसलाच नाही रे.
हे मी कुणाला सांगत नाही.
विचारतच नाही कुणी.

थडग्यावर दगडी पट कोरलाय, अर्धवट डाव.
पांढऱ्याची चाल की काळ्याची,
यावर थंडीत उभं राहून वाद घालतात माणसं,
मग खिशातून एक प्यादं काढून ठेवतात.
वसंतापर्यंत चाळीसेक जमतात.
रखवालदार अशोतचा पोरगा ती उचलतो
आणि फाटकापाशी पुन्हा विकतो,
नव्या येणाऱ्यांना.

दोन ओळी मागे लाल दगड आहे.
नाव, दोन सालं.
मी रविवारी जाते, त्या ढिगातलं एक प्यादं उचलते
आणि मागे नेऊन ठेवते.
पुढच्या रविवारी ते नसतं.
पोरगा दोन्हीकडची उचलतो.
मला बरं वाटतं त्याचं.

तर ही खिडकी. हो, हीच.
फोटो काढा, पडदा सरकवते.

खाली गेलात की पाटीपुढे उभे राहाल,
टोपी काढून, मान खाली घालून, मिनिटभर.
मी वरून बघत असते.
जमलं तर जरा जास्त थांबा.
तुमची ती शांतता चौथ्या मजल्यापर्यंत जायचीय,
आणि तिथे आता
जिना नाही.

जाताना खालचं दार ओढून घ्या.
वारा शिरतो.