चौथं छिद्र

सूतगिरणी चौकात आता सूत नाही, गिरणी नाही,
नाव तेवढं उरलंय रिक्षावाल्यांच्या तोंडी.
तिथंच माझं दुकान, मोमीन स्पोर्ट्स.
कॅरमच्या सोंगट्या, शाळेच्या शिट्ट्या, आणि मागच्या खोलीत
रॅकेट विणायचं यंत्र,
पुण्याच्या एका क्लबातून भंगाराच्या भावात आणलेलं.

ती आली मार्चात, भर दुपारी,
पाठीवर तीन रॅकेटी, नाकाला पांढरं मलम.
फिलिपा हॅलिवेल. इंग्लंडातली, पण लंडनची नाही,
हे तिनं मी विचारायच्या आधीच सांगितलं.
क्रमांक पाचशे एक्केचाळीस.
मी म्हटलं, जगात? ती म्हणाली, जगात.
मला तो आकडा लहान वाटला.
आमच्या गल्लीत मी कितवा, ते मला अजून ठाऊक नाही.

ताण किती ठेवू?
पन्नास. नको, बावन्न. इथली हवा कोरडी, चेंडू उडतो.
माझं इंग्रजी क्रिकेटच्या कॉमेंट्रीतलं, पण एवढं कळलं.
तार तिची, रिळातून मोजून दिलेली. मजुरी माझी. एकच रॅकेट.
बाकीच्या दोन तिनं घरीच विणल्या होत्या,
आईच्या गॅरेजात, विमानाच्या आदल्या रात्री.
मग उभीच राहिली बघत.
उभे सोळा, आडवे एकोणीस.
माझा बाप हिमरूच्या मागावर ह्याच चालीनं हात चालवायचा,
एक वर, एक खाली.
फक्त त्याच्या कापडाला कुणी चेंडू मारला नाही.

संकुलात तीन नंबरच्या कोर्टाला प्रेक्षक अकरा,
त्यात चार चेंडू उचलणाऱ्या पोरांच्या आया.
मी शटर अर्धं ओढून गेलो होतो.
पहिला सेट गेला. दुसरा तिनं ओढून आणला.
तिसऱ्यात सहा-सहा,
टायब्रेकमध्ये पाच-पाच,
आणि टण्ण.
तुटल्या तारेचा आवाज मी झोपेतही ओळखीन.
तो गुण गेला.
तिनं रॅकेट बदलली.
पुढचाही गेला.
हरणारीला दीडशे डॉलर, कर वजा जाता.

दुसऱ्या दिवशी ती तुटकी रॅकेट घेऊन आली.
खेळून तुटते ती तार मधोमध तुटते, जिथं चेंडू बसतो.
ही तुटली होती कडेला, चौकटीलगत,
चौथ्या छिद्रापाशी,
जिथं माझ्या यंत्राचा चिमटा झिजलाय
आणि दिवाळीपासून मी तो बदलायचा बदलायचा म्हणतोय.

मला कळलं.
तिला माझ्या आधी कळलं होतं,
स्वतः विणणारी बाई ती.
मी चहा मागवला. तिनं घेतला.
म्हणाली, उद्या सोलापूरची बस, परवा पात्रता फेरी.
गुण मिळाला की त्याला वर्षाची मुदत,
वर्षानं तो आपोआप गळतो,
म्हणून गेल्या मार्चात जे जिंकलं
ते ह्या मार्चात पुन्हा जिंकायचं,
नुसतं आहे तिथं राहायला.
तक्रार नव्हती ती.
एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती.
रॅकेट काउंटरवर ठेवताना एवढंच,
मिस्टर मोमीन, ह्या वेळी चौथं छिद्र बघाल?

मी मजुरी घेणार नव्हतो.
तिनं तीनशे मोजून ठेवले, शेवटचे वीस सुट्टे.

चिमटा त्याच संध्याकाळी बदलला.

दर सोमवारी नवी यादी येते.
मी मोबाइलवर बोट सरकवत खाली जातो, अजून खाली.
पाचशे त्रेसष्ट. सहाशे दहा.
मग बरेच महिने सातशेच्या पलीकडं कुठंतरी.
परवाच्या सोमवारी नाव नव्हतंच.
गिऱ्हाईक उभं होतं, बॅडमिंटनवालं, त्याला थांब म्हटलं.
वरपासून पुन्हा पाहिलं. नाही.
मग दुहेरीची यादी उघडली.
चारशे अठ्ठावीस,
आणि शेजारी एक हिरवा बाण,
वर तोंड केलेला, तिळाएवढा.