तिसरी पायरी

दारावरची पितळी पाटी सांगते: १८४७,
जहाजं बांधणाऱ्या कुणा कप्तानाचं घर.
आर्डिथबाई सांगतात ते वेगळंच:
गरम पाण्याचा नळ उलटा फिरवायचा,
खिडकी रेटायची नाही,
काच घराहून म्हातारी आहे.

नऊलाच गाव निजलं.
एकच दिवा, पेट्रोल पंपावरचा.

रात्री पाण्यासाठी उतरलो, चोरासारखा,
तरी तिसरी पायरी कण्हलीच.

सकाळी ब्लूबेरीचे पॅनकेक वाढताना त्या म्हणाल्या,
"पावणेदोनला उतरलात."
मी ओशाळलो.

"छे हो. सुतार दरवर्षी विचारतो, ठोकू का खिळा?
आमचा अल्टन लॉब्स्टरच्या बोटीवरून
अवेळीच यायचा."

सिरपची बाटली माझ्याकडे सरकवली.
"आज उतरलात, तर
पाय जरा जड टाका."