फ्रीझरमधली गार

नेलिदाच्या फ्रीझरमध्ये, मटाराच्या पिशवीखाली
एक गार आहे, अकरा वर्षांची.
पिशवीवर ओविदियोच्या अक्षरात तारीख
आणि वजन: चारशे दहा ग्रॅम, किराणावाल्याच्या काट्यावर.

ओविदियो काचा बसवायचा.
गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव त्याच्या दारात,
आणि तो मान खाली घालून मापं घ्यायचा,
जणू आभाळ त्यानेच फोडलं होतं.
त्या वर्षी स्वतःच्या घराच्या काचा त्याने सगळ्यात शेवटी बसवल्या.
पुढे तीन वर्षं जगला. मधुमेहाने गेला, आभाळाने नाही.

कोर्दोबाच्या विद्यापीठातून आयलेन आली आहे,
गाडीत फुगे, हेलियमची नळकांडी.
तिला गार कापून आत बघायचंय.
नेलिदा तिसऱ्यांदा माते भरते, म्हणते, "बघू."

डिसेंबर. चार वाजलेत. उत्तरेचा वारा
हजारो मैलांच्या जंगलाचा घाम घेऊन आलेला,
भुईमुगाच्या शेतांवर चिकट बसलाय.
"एवढं उकडतंय, मग ढग का नाही?"
वर उबदार हवेचा थर आहे, आयलेन सांगते,
खालची वाफ त्याला डोकं आपटून परतते.
झाकणच म्हणा.
"मग उतू जाणार," नेलिदा म्हणते, आणि कपडे काढायला उठते.

साडेपाचला डोंगरमाथ्यावर एक फुलकोबी.
तिच्या टाळूतून दुसरी. दुसरीतून तिसरी.
झाकण गेलं.
अर्ध्या तासात ढग इतका उंच की पुढे जागा नाही;
तिथे तो आडवा पसरला, लोहाराच्या ऐरणीसारखा,
आणि भुईमुगाचा हिरवा रंग शिळा दिसू लागला.

आत पाणी शून्याखाली गेलंय, तरी पाणीच आहे.
गोठायलाही टेकायला काहीतरी लागतं:
धुळीचा कण, नाहीतर आधी गोठलेलं कुणी.
हलके स्फटिक वर निघालेले, जड गारकण मागे रेंगाळणारे,
येताजाता घासतात, थोडं देतात, थोडं घेतात.
खाली ऋण साचतं, वर धन,
आणि मध्ये इतकी हवा
की फेड लगेच होत नाही.

फेडायला निघालेली वीज एका दमात उतरत नाही.
पाऊल टाकते, थबकते, फांदी फेकून चाचपते.
तेव्हा इकडून, तारेच्या कुंपणावरून, चान्यारच्या शेंड्यावरून,
एक न दिसणारा हात वर उठतो.
गाठ पडली की मग उजेड:
तो जमिनीकडून ढगाकडे जातो,
आपल्याला उलटं वाटतं एवढंच.

आज तो हात विजेच्या खांबावरून उठला.
निळं काहीतरी फुटलं. कानात शिट्टी.
आणि स्वयंपाकघरात
अकरा वर्षं चाललेली एक गुणगुण थांबली.

दोघी फ्रीझरकडे बघत राहिल्या.
"रात्रभर येणार नाही लाईट," नेलिदा म्हणाली.
मग, "काप."

गाडीच्या बॅटरीवर तार तापवली.
ओविदियोने कापलेल्या एका काचेवर
गारेची चकती आडवी पडली, पाठीमागे टॉर्च.
हे पांढरं वलय, इथे झटकन गोठली, हवा अडकली.
हे स्वच्छ, इथे पाण्याला पसरायला वेळ मिळाला.
लोकांना वाटतं तशी दहादा खाली-वर नाही झाली ही,
एकाच वाटेने तिरकी गेली, ओल्यातून, कोरड्यातून, पुन्हा ओल्यातून,
वाऱ्याला पेलवली तोवर.

"ती पडली तेव्हा तो छपरावर होता.
ते दिसतं का यात?"
"नाही."
"बरं."

चकतीच्या कडेला पाणी सुटलं.
नेलिदाने बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"मटाराचा वास येतोय."

बाहेर पत्र्यावर पहिली टपटप, बोराएवढी.
दोघींनी पलंगावरची गादी उचलली
आणि मोठ्या खिडकीला लावून
पाठीने दाबून उभ्या राहिल्या.