गाळा नंबर सातचा उतार

साकीनाक्याच्या गाळा नंबर सातमध्ये
पूर्वी कापड रंगवायचे,
म्हणून लादी मोरीकडे उतरती.
पाण्यानं निघून जावं, एवढाच तिचा धर्म.
त्या उतारावर मी आणि विल्सन फर्गोजनं
थ्रीडी प्रिंटर मांडला:
मागच्या पायांखाली फुटक्या लादीचे तुकडे,
पुढच्या उजव्या पायाखाली
चौघडी केलेलं वीजबिल.

तरी नोझल एका कोपऱ्यात काच चाटायचं,
दुसऱ्यात हवेत लिहायचं.
मग आकडे हलवले, रात्री दोनपर्यंत.
उणे एक पॉइंट आठ.
उणे एक पॉइंट आठ पाच.
आणि पहिला थर बसला,
तव्यावर आंबोळी बसते तसा.

विल्सन म्हणाला, पाठवून देऊ.
फर्मवेअर फुकट घेतलं ना आपण?
या बोर्डाची कॉन्फिग तिथं कुणाचीच नाही.

मी अख्खी फाईल उचलून पाठवली.
दोन हजार ओळी.
बदललेल्या किती, ते मलाही माहीत नव्हतं.
त्यात होता उणे एक पॉइंट आठ पाच,
म्हणजे आमच्या मोरीचा उतार.
होता मशीन सुरू होताना पडद्यावर उमटणारा निरोप,
‘विल्सन, भाडं बाकी आहे’.
होता वायफायचा पासवर्ड,
मालकिणीच्या कुत्र्याचं नाव आणि एक दोन तीन.
आणि एक ओळ,
जिच्यापुढं दोन तिरक्या रेघा मारून
मी तिला झोपवलं होतं:
उष्णतेवर पहारा ठेवणारी.
थर्मिस्टरची तार सैल होती,
पहारेकरी घडीघडी ओरडायचा.
तार घट्ट करायची सोडून
मी त्याचं तोंड बांधलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.
तपासणाऱ्या बाईचं नाव हेल्वी,
गाव कुठलंसं बर्फातलं.
चिडली नव्हती.
ओळीओळीशेजारी एकच प्रश्न:
हे बोर्डाचं, की तुमचं?

पहाऱ्याच्या ओळीशी मात्र प्रश्न नव्हता.
‘ही अशी घेणार नाही.
कुणीतरी रात्रभर मशीन चालू ठेवून
शेजारच्या खोलीत झोपेल.’

विल्सन म्हणाला, बाई मास्तरीण दिसते.
मी काही बोललो नाही.
स्क्रू पाव फेरा आवळला.
पहारेकरी गप्प झाला,
या वेळी आपणहून.

मग निवडायला बसलो, तांदळातले खडे निवडावेत तसा.
दोन हजारांतल्या एकतीस ओळी आमच्या हातच्या,
एकतीसमधल्या बारा नुसत्या हौसेच्या.
उरल्या एकोणीस.
प्रत्येकीपुढं लिहिलं, का बदलली.
दोघींपुढं काही सुचेना,
त्या मूळच्या होत्या तशा ठेवल्या.
सतरा.
रिकाम्या फोल्डरमधून बिल्ड केला,
जुन्याचं उष्टं नको म्हणून.
मरोळला विल्सनच्या आत्याकडं
सपाट जमिनीवरच्या मशीनवर चालवून पाहिला.
आत्यानं विचारलं, नवीन काय झालं यात?
काहीच नाही, विल्सन म्हणाला, कमी झालं.

बोर्ड उलटा करून भिंगातून वाचलं:
आवृत्ती एक पॉइंट एक.
बाजारात एक पॉइंट दोनही आहे म्हणतात.
तसं लिहिलं: ‘एक-एकवर तपासलं.
एक-दोन मिळाला नाही. त्याचं माहीत नाही.’
अकरा वर्षं दुरुस्तीच्या धंद्यात काढली,
गिऱ्हाइकाला कधी
‘माहीत नाही’ म्हटलं नव्हतं.
लिहून झाल्यावर
एंटरवर बोट थोडा वेळ तसंच राहिलं.

उताराच्या जागी शून्य ठेवलं,
शेजारी एक ओळ:
हे ज्यानं त्यानं आपल्या जमिनीवर मोजावं.

हेल्वीनं घेतलं. शेरा एका शब्दाचा.
त्याच आठवड्यात
वीज कापायला माणूस दारात आला,
तेव्हा पायाखालचं बिल काढून भरावं लागलं.
मशीन पुन्हा कललं.
आम्ही नव्यानं मोजलं:
उणे एक पॉइंट सहा.
आमच्या फाईलीत, आमच्यापुरतं.
कुणाला कळवायचं काही कारण नव्हतं.