पट्टी

कुताइसीच्या संगीतशाळेत
सगळ्या दारांच्या किल्ल्या एकाच कड्यात
आणि ते कडं म्झेविनारबाईंच्या कोटात.
बाई येताहेत हे आधी किल्ल्या सांगतात,
मग पोरं तोंडातलं च्युइंगगम गिळतात.

मी त्यांच्या साथीला. पियानोवर. एकतीस वर्षं.
राजधानीच्या रंगमंचावरही त्यांना ऐकलंय मी:
नायिकेची दाई, नायकाची आई,
एकदा चेटकीण.
नायिका मरायची शेवटच्या अंकात
आणि बाई तिचे डोळे मिटायच्या.
"मधल्या आवाजाच्या बाईला," त्या म्हणतात,
"फुलं मिळतात, पण कालची."

मग ती वर्षं आली.
वीज दिवसाला दोन तास,
कुठले दोन, ते वीजच ठरवायची.
गाण्याचा पगार पिठात मोजू लागले
तेव्हा त्या गावी परतल्या,
एका हिवाळ्यापुरत्या.

तो हिवाळा काही संपला नाही.
हातमोजे घालून मी वाजवलं,
कोट न काढता त्यांनी शिकवलं,
पोरांच्या तोंडातून आधी वाफ निघायची, मागून सूर.
"वाफ सरळ जातेय का बघ," त्या म्हणायच्या,
"सरळ गेली तर श्वास बरोबर आहे."
एवढं साधं शास्त्र
मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

पुढे मुख्याध्यापिका कोणीच व्हायला तयार नव्हतं
म्हणून त्या झाल्या.
आता सकाळी आलाप नाही, अर्ज.
थकलेली पाणीपट्टी. गळकं छप्पर,
तेही नेमकं तालवाद्यांच्या खोलीवर
(तिथे निदान लयीत गळतं).
पियानो सुरात लावायला म्हातारा पार्मेन येतो,
पैसे घेत नाही, वाइनचा डबा नेतो,
आणि जाताना दर वेळी बजावतो:
मध्यमाची ती पट्टी बदला,
खाली गेली की वर येत नाही.
बाई मान हलवतात. पुढच्या वर्षी.
तोवर ती पट्टी मी करंगळीने उचलतो.

दर ऑक्टोबरात त्या एक गाणं गायच्या.
शाळेसाठी. म्हणजे छपरासाठी.
एका वर्षी माझ्याकडे न बघता,
पदराची नसलेली घडी सारखी करावी
तशी गळ्यातली शाल सारखी करत म्हणाल्या,
"जरा खालच्या पट्टीत घे."
घेतलं. सभागृहात कुणाला कळलं नाही.
दोन वर्षांनी आणखी खाली.
मग आणखी.
पियानोवर मी एकेक पायरी उतरत होतो,
जिन्यात वडीलधाऱ्याच्या पुढे उतरावं तसा,
हात न धरता, पण हाताच्या अंतरावर.

परवाच्या ऑक्टोबरात त्या म्हणाल्या, "मी नाही. ग्वांत्सा गाईल."
"कुठल्या पट्टीत?"
"हा काय प्रश्न झाला? मूळ."

ग्वांत्सा. बेकरीवाल्याची. सतरा वर्षांची.
बाहेरगावच्या परीक्षेचा अर्ज बाईंनीच भरलेला,
फीही, असं मला वाटतं; विचारलं नाही.
मुलांचा वृंद मागे, बाई समोर उभ्या,
हात वर, कोटाचा खिसा किल्ल्यांनी ओढलेला.
रियोनी खिडकीखालून दगडांशी भांडत चाललेली.
पोरगी चढत गेली, चढत गेली,
आणि त्या अवघड जागेच्या आधी
तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

मीही पाहिलं. बसतो तिथून दिसतं.
बाईंचे ओठ उघडे होते, बरगड्या फुललेल्या,
आवाज नव्हता,
पण तो सूर तिथे पूर्ण उंचीचा उभा होता,
माझ्या हाताखाली कितीतरी वर्षांत न आलेला.
ग्वांत्साने तो घेतला.
किंचित फाटला. फाटू दे.

टाळ्या वाजत असताना माझ्या लक्षात आलं
की मध्यम तसाच खाली अडकलाय.
उचलायचं राहून गेलं होतं.
बाई वळल्या, म्हणाल्या,
"छपराचे जमले का रे?"
आणि खिशात हात घालून
किल्ल्या वाजू नयेत म्हणून
मुठीत धरून ठेवल्या.